लॉगॉन स्क्रिप्ट प्रत्येक युजरसाठी एकदाच कशी चालवावी?

अर्धविराम (धागाकर्ता)

आमच्याकडे विंडोज डोमेन (मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळले जाणारे संगणक आणि खाती) आहे आणि साधारण ३०० युजर आहेत. ग्रुप पॉलिसीतल्या (सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून सेटिंग पाठवण्याच्या सोयीतल्या) युजर कॉन्फिगरेशनखाली मी एक बॅच फाइल लॉगॉन स्क्रिप्ट म्हणून, म्हणजे युजर आत शिरताना आपोआप चालणारी, लावली आहे. ती तीन कामे करते. बंद झालेल्या जुन्या प्रिंटरची जोडणी काढून टाकते, नव्या अंतर्गत पोर्टलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवते आणि आउटलुकच्या सिग्नेचरचा नमुना युजरच्या सिग्नेचर्स फोल्डरमध्ये कॉपी करते. तिन्ही कामे एकदा झाली की पुरे आहेत, पण लॉगॉन स्क्रिप्ट प्रत्येक लॉगॉनला चालते. त्यामुळे ज्याने शॉर्टकट काढून टाकला त्याच्या डेस्कटॉपवर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर असतो, आणि ज्याने सिग्नेचरमध्ये स्वतःचे नाव व हुद्दा भरला त्याची सिग्नेचर सकाळी पुन्हा कोरी झालेली असते. तक्रारी अर्थातच दुसऱ्या प्रकारच्या जास्त आहेत.

मी आतापर्यंत दोन उपाय करून पाहिले. स्क्रिप्ट नेटलॉगॉन शेअरमध्ये (डोमेनमधल्या सर्वांना नेटवर्कवरून दिसणाऱ्या फोल्डरमध्ये) असल्यामुळे तिथेच युजरच्या नावाची एक रिकामी फाइल तयार करावी आणि ती सापडली तर स्क्रिप्टने बाहेर पडावे, असा पहिला प्रयत्न होता. स्क्रिप्ट युजरच्या अधिकारांनी चालते आणि त्या शेअरवर सामान्य युजरला फक्त वाचण्याची परवानगी असते, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आले नाही. माझ्या अ‍ॅडमिन खात्यावर मात्र सगळे व्यवस्थित चालले. दुसऱ्या प्रयत्नात फाइल सर्वांना लिहिता येईल अशा एका फोल्डरमध्ये सी ड्राइव्हवर ठेवली, पण तिचे नाव सगळ्यांसाठी एकच होते. परिणामी एका संगणकावर जो सर्वांत आधी बसला त्याच्यापुरती स्क्रिप्ट चालली आणि त्याच संगणकावर बसणाऱ्या बाकीच्यांना काहीच मिळाले नाही. योग्य पद्धत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

एररलेव्हल

उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारणे भाग आहे, कारण बाकी सगळे त्यावर ठरते. ‘प्रत्येक युजरसाठी एकदाच’ याचे निदान तीन अर्थ होतात: प्रत्येक युजरसाठी प्रत्येक संगणकावर एकदा, प्रत्येक युजरसाठी कुठल्याही संगणकावर मिळून एकदा, किंवा प्रत्येक प्रोफाइलसाठी (युजरच्या सेटिंग व फाइलींच्या संचासाठी) एकदा. युजर कायम एकाच टेबलावर बसत असेल तर तिन्ही अर्थ एकच होतात आणि म्हणूनच बहुतेकांना हा फरक जाणवत नाही. माणूस जागा बदलू लागला की जाणवतो.

विंडोजमध्ये ‘हे काम झाले’ अशी खूण ठेवण्याच्या तीन नेहमीच्या जागा आहेत. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील) एचकेसीयू ही चालू युजरची शाखा प्रत्यक्षात युजरच्या प्रोफाइलमधल्या एनटीयुजर डॉट डॅट या फाइलमध्ये साठवलेली असते, म्हणून रोमिंग (सर्व्हरवर साठवलेले आणि कुठल्याही संगणकावर उतरणारे) प्रोफाइल असेल तर ती युजरबरोबर फिरते आणि नसेल तर त्या संगणकावरच राहते. अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरचेही (अ‍ॅपडेटा म्हणजे प्रोफाइलमधला, प्रोग्रॅमांची माहिती ठेवणारा फोल्डर) तसेच. अ‍ॅपडेटाचा लोकल फोल्डर मात्र रोमिंग प्रोफाइल असले तरी फिरत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेली खूण त्या युजरची त्या संगणकापुरतीच असते. म्हणजे जागा निवडली की अर्थही आपोआप निवडला जातो, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका जागा आधी व अर्थ नंतर निवडल्यामुळे झालेल्या आहेत.

साध्या प्रकरणासाठी क्रम असा ठेवावा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला रेग क्वेरी या आज्ञेने एचकेसीयूमधल्या सॉफ्टवेअर कीखाली (की म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा) आपल्या संस्थेची एक की आहे का ते पाहावे. की सापडली तर ही आज्ञा शून्य परत करते आणि नाही सापडली तर एक. शून्य आल्यास तिथेच बाहेर पडावे. अन्यथा कामे करावीत आणि शेवटी रेग अ‍ॅडने की लिहावी. एचकेसीयूमध्ये युजरला स्वतः लिहिता येते, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याकडे प्रोफाइल रोमिंग आहेत का, आणि टर्मिनल सर्व्हर (ज्यावर अनेक जण दुरून एकाच वेळी काम करतात) वापरात आहे का?

वाचनमात्र

यासाठी विंडोजमध्ये रनवन्स नावाची कीच आहे ना? नावावरून तर ती नेमकी याचसाठी असावी असे वाटते.

निळा पडदा

नावावर जाऊ नये. एचकेसीयूमधल्या करंटव्हर्जनखालची रनवन्स की ही ‘पुढच्या लॉगॉनला ही आज्ञा एकदा चालवा’ अशी चिठ्ठी आहे. लॉगॉन झाले की विंडोज ती चिठ्ठी काढून टाकते आणि मग आज्ञा चालवते, म्हणजे आज्ञा अर्ध्यात फसली तरी चिठ्ठी गेलेलीच असते. व्हॅल्यूच्या नावाआधी उद्गारचिन्ह दिले तर आज्ञा संपेपर्यंत चिठ्ठी राहते, आणि तारांकन दिले तर सेफ मोडमध्येही आज्ञा चालते. हे सगळे ठीक आहे, पण ३०० युजरांच्या ३०० एचकेसीयूंमध्ये ही चिठ्ठी ठेवणार कोण? ती ठेवायलाही प्रत्येकाच्या लॉगॉनलाच काहीतरी चालवावे लागते, आणि ते काहीतरी रोज चालले तर चिठ्ठीही रोज नव्याने ठेवली जाते. येरे माझ्या मागल्या.

डीफॉल्ट युजरच्या प्रोफाइलमधली एनटीयुजर डॉट डॅट फाइल रेग लोडने उघडून त्यात रनवन्सची नोंद करून ठेवली तर त्या संगणकावर यापुढे तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रोफाइलला ती मिळते. नव्या युजरच्या स्वागतासाठी ही पद्धत चांगली आहे, मात्र ज्यांची प्रोफाइल आधीच तयार आहेत त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही, आणि धागाकर्त्याचे बहुतेक युजर जुनेच असणार.

रनवन्सपेक्षा या कामाला जवळची सोय म्हणजे अ‍ॅक्टिव्ह सेटअप. ती इंटरनेट एक्स्प्लोररच्या जमान्यातली आहे, पण तिची रचना मला आजही आवडते. एचकेएलएममधल्या (रजिस्ट्रीच्या संपूर्ण संगणकासाठीच्या शाखेतल्या) अ‍ॅक्टिव्ह सेटअपच्या इन्स्टॉल्ड कंपोनंट्स या कीखाली आपल्या नावाची एक उपकी करायची, तिच्यात स्टबपाथ या व्हॅल्यूत आज्ञा आणि व्हर्जन या व्हॅल्यूत आवृत्ती लिहायची. युजर लॉगॉन करतो तेव्हा विंडोज त्याच्या एचकेसीयूमध्ये तशीच उपकी शोधते; ती नसेल किंवा तिच्यातली आवृत्ती जुनी असेल तर आज्ञा चालवते आणि आवृत्ती तिकडे उतरवून ठेवते. आवृत्तीचे आकडे पूर्णविरामाने नव्हे, स्वल्पविरामाने तोडायचे असतात. इथे पुष्कळ जण फसतात. दोष दोन आहेत. आज्ञा संपेपर्यंत डेस्कटॉप दिसत नाही, त्यामुळे संथ आज्ञा दिली तर युजर ताटकळतो. शिवाय एचकेएलएममध्ये लिहायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, म्हणून ही नोंद संगणकाच्या पॉलिसीतूनच पाठवावी लागते. पण ‘झाले की नाही’ एवढेच न विचारता ‘कोणती आवृत्ती झाली’ असे विचारण्याची तिची पद्धत मात्र आपल्या स्क्रिप्टमध्येही जरूर उचलावी, कारण आज एकदाच चालवायची असलेली स्क्रिप्ट सहा महिन्यांनी ‘आणखी एकदाच’ चालवायला सांगणारे वरिष्ठ प्रत्येक कार्यालयात असतात.

अर्धविराम

सर्वांचे आभार. एररलेव्हल यांच्या प्रश्नाचे उत्तर: प्रोफाइल रोमिंग आहेत, डेस्कटॉप फोल्डर फाइल सर्व्हरवर वळवलेला आहे, आणि एक जुना टर्मिनल सर्व्हर आहे जो अजून निवृत्त झालेला नाही.

एचकेसीयूची पद्धत एका चाचणी खात्यावर लावली. लॉगॉन केले, दोन मिनिटे वाट पाहिली, काहीच झाले नाही. पॉलिसी पोहोचल्याचे जीपीरिझल्टमध्ये (लागू झालेल्या पॉलिसी दाखवणाऱ्या आज्ञेत) दिसत होते. स्क्रिप्टची सेटिंग पुन्हा तपासत बसलो असताना अचानक डेस्कटॉपवर शॉर्टकट उगवला. हा काय प्रकार आहे?

एररलेव्हल

तो दोष नाही. विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून ग्रुप पॉलिसीच्या लॉगॉन स्क्रिप्ट मुद्दाम उशिरा सुरू केल्या जातात आणि हा उशीर मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांचा असतो, जेणेकरून डेस्कटॉप लवकर दिसावा. ‘कॉन्फिगर लॉगॉन स्क्रिप्ट डिले’ ही पॉलिसी बंद केली किंवा तिथे शून्य दिले की स्क्रिप्ट लगेच चालते. चाचणीच्या काळात शून्य ठेवा. पुढे ठेवावे की नाही, हा निर्णय विचारपूर्वक घ्या, कारण पहिल्याच पाच मिनिटांत लॉगॉफ करून निघून जाणाऱ्या युजरची स्क्रिप्ट त्या दिवशी चालतच नाही. आणखी एक गोष्ट: कुलूप लावलेला संगणक उघडणे किंवा तुटलेल्या रिमोट सत्राला पुन्हा जोडणे हे लॉगॉन नव्हे. काही मंडळी आठवडाभर लॉगॉफच करत नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत स्क्रिप्ट न पोहोचल्याचे खापर खुणेवर फोडले जाते.

रात्रपाळी

खूण कुठे ठेवायची यावर बरेच बोलून झाले, पण ती केव्हा लिहायची हा प्रश्न तितकाच अवघड आहे आणि मी त्याची किंमत मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्क्रिप्टमध्ये मी खूण आधी लिहिली आणि काम नंतर केले. विचार असा होता की दोन सत्रे एकाच वेळी उघडली तरी काम दोनदा होऊ नये. सोमवारी सकाळी, नेमक्या गर्दीच्या वेळी, ज्या शेअरवरून फाइल कॉपी व्हायची तो प्रतिसाद देईना. स्क्रिप्टने इमानदारीने सगळ्यांच्या खुणा लिहिल्या आणि एकाचीही फाइल कॉपी केली नाही. दुसऱ्या दिवशी शेअर ठणठणीत होता, पण खुणा असल्यामुळे स्क्रिप्ट कोणासाठीही चालायला तयार नव्हती.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि सर्व कामे बिनचूक झाली तरच शेवटी खूण लिहायची असे केले. तीन कामांपैकी तिसरे काम काही जुन्या संगणकांवर कधीच यशस्वी होऊ शकत नव्हते, त्यामुळे तिथे पहिली दोन कामे रोज होत राहिली. आगीतून फुफाट्यात.

आता मी तीन नियम पाळतो. पहिला, प्रत्येक कामाची खूण वेगळी असते. तिसरे काम फसले म्हणून पहिले पुन्हा करण्याचे कारण नाही. दुसरा, खूण त्या कामानंतर आणि कामाचा परिणाम तपासून लिहिली जाते. कॉपीची आज्ञा संपली एवढ्यावर विश्वास न ठेवता फाइल जागेवर आहे का हे पाहिले जाते. तिसरा, किती वेळा प्रयत्न झाला याचा आकडाही जपला जातो आणि पाच प्रयत्नांनंतर स्क्रिप्ट तो नाद सोडून नोंदवहीत एक ओळ लिहिते. ती ओळ माणसाने वाचावी लागते, हे खरे.

दोन सत्रे एकाच वेळी उघडण्याची भीती असेल तर त्यासाठी खूण आधी लिहिण्याची गरज नाही, कुलूप वेगळे करावे. यासाठी एमडी ही फोल्डर बनवण्याची आज्ञा उत्तम. ‘फोल्डर आहे का पाहा, नसेल तर बनवा’ असे दोन टप्प्यांत केले तर दोन्ही सत्रे त्या फटीतून आत शिरू शकतात. पण थेट फोल्डर बनवायला सांगितले तर एकालाच यश मिळते आणि दुसऱ्याला ‘आधीच आहे’ अशी चूक मिळते. ज्याला चूक मिळाली त्याने गुपचूप बाहेर पडावे. काम संपले की कुलपाचे फोल्डर काढून टाकावे, आणि सत्र मध्येच मेले तर ते तसेच राहून जाते हे लक्षात घेऊन फार जुने कुलूप बाद समजावे.

अर्धविराम

रात्रपाळी यांचे नियम पटले. त्यांतला पहिला लगेच अमलात आणला आणि निळा पडदा यांच्या सूचनेप्रमाणे खुणेत आवृत्तीचा आकडाही घातला. रजिस्ट्रीऐवजी अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये साध्या मजकुराची फाइल ठेवली आहे, म्हणजे मदतकक्षातील सहकाऱ्यांना ती डोळ्यांनी पाहता येईल. इको या आज्ञेपुढे आवृत्तीचा व्हेरिएबल आणि त्याला चिकटून ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह व फाइलचे नाव, अशी ओळ आहे. पुढच्या लॉगॉनला सेट स्लॅश पी ने तो आकडा वाचून तुलना होते. पण स्क्रिप्ट पुन्हा रोज चालू लागली आहे. फाइल तयार होते, मात्र उघडली तर आत आकडा नाही. आवृत्ती २ असताना ती कोरी आहे आणि आवृत्ती १ असताना तिच्यात ‘इको इज ऑफ’ असे इंग्रजी वाक्य होते.

एररलेव्हल

हा सापळा मी स्वतः पाहिलेला आहे, आणि दोन आवृत्त्यांची दोन वेगळी लक्षणे दिल्यामुळे निदान सोपे झाले. बॅच फाइलमध्ये ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाला चिकटून डावीकडे एकटा आकडा आला तर तो मजकूर राहत नाही, प्रवाहाचा क्रमांक ठरतो. १ म्हणजे नेहमीचे आउटपुट आणि २ म्हणजे चुकांचे आउटपुट. व्हेरिएबलची किंमत आधी भरली जाते आणि मग ओळीचा अर्थ लावला जातो, त्यामुळे आपल्या व्हेरिएबलमधला २ त्या चिन्हाला जाऊन चिकटला, इकोला छापायला काहीच उरले नाही, आणि काही न दिलेला इको ‘आपण चालू की बंद’ एवढे सांगून मोकळा होतो. ते वाक्य पडद्यावर गेले आणि चुकांचे आउटपुट, म्हणजे काहीच नाही, फाइलमध्ये गेले. आवृत्ती १ ला तेच वाक्य फाइलमध्ये गेले.

आकडा आणि चिन्ह यांच्यामध्ये जागा सोडण्याचा मोह होईल, पण मग ती जागासुद्धा फाइलमध्ये लिहिली जाते आणि ‘२’ व ‘२ आणि मागे एक रिकामी जागा’ यांची तुलना जुळत नाही. चिन्ह आणि फाइलचे नाव ओळीच्या सुरुवातीला लिहावे आणि इको व आकडा त्यानंतर. दिसायला विचित्र वाटते, चालते मात्र बिनचूक. तुलना करताना ‘पेक्षा लहान’ ही चाचणी वापरणार असाल तर आकड्यांना अवतरणचिन्हे लावू नका. लावली तर तुलना अक्षरांची होते, आणि अक्षरांच्या हिशेबात १० हे ९ पेक्षा लहान ठरतात.

निळा पडदा

वाचताना एक शंका सारखी येत होती, ती आता मांडतो. या तीन कामांसाठी स्क्रिप्ट हवी आहे तरी कशाला? सर्व्हर २००८ पासून ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस उपलब्ध आहेत. त्यांत प्रिंटर काढण्याची, शॉर्टकट ठेवण्याची आणि फाइल कॉपी करण्याची सोय स्वतंत्रपणे आहे, आणि प्रत्येक नोंदीच्या कॉमन या टॅबवर ‘एकदाच लागू करा आणि पुन्हा लागू करू नका’ असा पर्याय आहे. तो निवडला की पॉलिसी त्या नोंदीला एक ओळखक्रमांक देते आणि युजरच्या एचकेसीयूमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या ग्रुप पॉलिसी कीखालच्या क्लायंट व त्याखालच्या रनवन्समध्ये तो लिहून ठेवते. आपण हाताने जी खूण करत आहात तीच, फक्त दुसऱ्याने लिहिलेली आणि बरीच तपासून झालेली.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तीनपैकी किती कामांना खरोखर खूण लागते हे पाहावे. जुना प्रिंटर काढणे हे काम रोज केले तरी बिघडत काही नाही. तो नसेल तर काढण्यासारखे काही उरलेले नसते. सिग्नेचरसाठी फाइलच्या नोंदीत ‘रिप्लेस’ऐवजी ‘क्रिएट’ ही कृती निवडली तर फाइल आधीपासून असल्यास तिला हात लागत नाही, म्हणजे तक्रारींचा मोठा भाग तिथेच मिटतो. इथे फाइलचे असणे हीच खूण आहे. राहिला शॉर्टकट. तो युजरने मुद्दाम काढलेला असू शकतो, आणि ‘कधी मिळालाच नाही’ व ‘मिळाला पण नको होता’ या दोन अवस्था डेस्कटॉपकडे पाहून ओळखता येत नाहीत. वेगळी खूण लागते ती अशाच कामाला, जे युजरने उलटवलेले चालते.

रात्रपाळी

तत्त्व मान्य आहे, पण प्रेफरन्सेसविषयी थोडा मतभेद नोंदवतो. एकाच युजरसाठी पुन्हा लागू करायचे झाले तर त्याच्या एचकेसीयूमध्ये शिरून तो लांबलचक ओळखक्रमांक शोधून काढावा लागतो, आणि कोणता क्रमांक कोणत्या नोंदीचा हे पॉलिसीची एक्सएमएल फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. मदतकक्षातील नवख्या माणसाला ‘अमुक नावाची फाइल पुसा आणि पुन्हा लॉगॉन करायला सांगा’ हे एका वाक्यात सांगता येते. शिवाय प्रेफरन्सेसच्या युजर नोंदी मूळ सेटिंगनुसार सिस्टीम खात्याखाली चालतात, म्हणून शेअरवरची फाइल वाचताना किंवा वळवलेल्या डेस्कटॉपवर लिहिताना ‘लॉगॉन केलेल्या युजरच्या अधिकारात चालवा’ ही खूणपेटी आठवणीने निवडावी लागते. छोट्या कार्यालयात प्रेफरन्सेस वापरावेत हे खरे; मी स्वतः अजून स्क्रिप्टच लिहितो, आणि त्यात सवयीचा भाग मोठा आहे हेही कबूल करतो.

अर्धविराम

प्रिंटर आणि सिग्नेचर प्रेफरन्सेसमध्ये नेले आणि ती दोन प्रकरणे मिटली. शॉर्टकटसाठी मात्र स्क्रिप्टच ठेवली आहे, कारण मदतकक्षाचा मुद्दा आमच्याकडे तंतोतंत लागू होतो. इकोची ओळ उलटी केल्यापासून फाइलमध्ये आकडा व्यवस्थित येतो.

तरीही काही जणांकडे काढून टाकलेला शॉर्टकट परत येतो. सगळ्यांकडे नाही, आणि रोजही नाही. प्रत्येकाकडे एकदाच परत आला आहे. ते सगळे टर्मिनल सर्व्हर वापरणारे आहेत. प्रोफाइल रोमिंग असताना खूण तिकडे का पोहोचत नाही, हे कळत नाही. टर्मिनल सर्व्हरवर सर्व्हर २००८ आर२ आहे आणि टेबलांवर विंडोज १०.

एररलेव्हल

शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. विंडोजच्या पिढ्यांची रोमिंग प्रोफाइल एकमेकांत मिसळत नाहीत. सर्व्हरवरच्या प्रोफाइल फोल्डरच्या नावापुढे पिढीचा प्रत्यय लागतो: विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ साठी व्ही२, विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून पुढे व्ही६. म्हणजे आपल्या प्रत्येक टर्मिनल युजरची दोन रोमिंग प्रोफाइल आहेत, दोन एचकेसीयू आहेत आणि अ‍ॅपडेटाचे दोन रोमिंग फोल्डर आहेत. डेस्कटॉप मात्र फाइल सर्व्हरवर वळवलेला असल्यामुळे एकच आहे. टेबलावर स्क्रिप्ट चालली, खूण व्ही६ मध्ये बसली, युजरने शॉर्टकट काढला. मग तो टर्मिनल सर्व्हरवर गेला, तिथे व्ही२ मध्ये खूण नव्हती, स्क्रिप्ट चालली आणि त्याच सामायिक डेस्कटॉपवर शॉर्टकट परत आला. आता दोन्हीकडे खुणा झाल्या, म्हणून तो तिसऱ्यांदा येणार नाही. ‘प्रत्येकाकडे एकदाच’ हे आपले निरीक्षण अचूक होते.

मी सुरुवातीला तीन अर्थ सांगितले होते, पण आता वाटते की प्रश्न जास्त सोप्या शब्दांत विचारता आला असता: कामाचा परिणाम कुठे राहतो? खूण तिथेच राहिली पाहिजे. परिणाम एचकेसीयूमध्ये असेल, जसे युजरच्या प्रिंटरच्या जोडण्या, तर खूण एचकेसीयूमध्ये. परिणाम अ‍ॅपडेटाच्या लोकल फोल्डरमध्ये असेल तर खूणही तिथेच. परिणाम वळवलेल्या डेस्कटॉपवर असेल तर खूण त्याच फाइल सर्व्हरवर, युजरच्या होम फोल्डरमध्ये. मग प्रोफाइल पुसले, संगणक बदलला किंवा सर्व्हर निवृत्त झाला तरी परिणाम आणि खूण एकत्रच जातात किंवा एकत्रच राहतात.

होम फोल्डर नसतील तर खुणांसाठी एक स्वतंत्र शेअर करता येतो. युजरांना त्यात नवी फाइल तयार करता यावी, पण इतरांच्या फाइल वाचता किंवा पुसता येऊ नयेत अशी परवानगी ठेवावी. क्रिएटर ओनरला स्वतःच्या फाइलवर बदल करण्याचा अधिकार दिला की हे जमते. फाइलचे नाव युजरनेमवरून न ठेवता एसआयडीवरून (खात्याच्या कायम ओळखक्रमांकावरून) ठेवावे, जो हूअ‍ॅमआय स्लॅश युजर या आज्ञेने मिळतो. लग्नानंतर किंवा दुरुस्ती म्हणून युजरनेम बदलले तरी एसआयडी तोच राहतो, आणि जुने खाते पुसून त्याच नावाचे नवे केले तर नव्या खात्याला नवा एसआयडी मिळतो.

वाचनमात्र

लिनक्सवर हेच करायचे असेल तर?

रात्रपाळी

विचार तोच, जागा वेगळ्या. केवळ नव्या युजरला एखादी फाइल द्यायची असेल तर ती ईटीसीमधल्या स्केल या फोल्डरमध्ये ठेवावी. होम फोल्डर तयार होताना ती आपोआप उतरते. आधीच्या युजरांसाठी ईटीसीमधल्या प्रोफाइल डॉट डी या फोल्डरात स्क्रिप्ट ठेवून खूण होममधल्या डॉट कॉन्फिगखाली ठेवावी. ती स्क्रिप्ट प्रत्येक लॉगिन शेलला चालते, एसएसएचने शिरतानाही, आणि युजरच्या चालू शेलमध्येच वाचली जाते. म्हणून तिच्यात चुकूनही एक्झिट लिहू नये. खूण सापडल्यावर ‘बाहेर पडा’ म्हणायला गेलात तर युजरच बाहेर पडतो. होम फोल्डर नेटवर्कवर असेल तर खूण सगळ्या संगणकांसाठी एकच ठरते, हे वेगळे सांगायला नको.

अर्धविराम

खूण होम फोल्डरमध्ये हलवली. हलवण्यापूर्वी एका दिवसासाठी स्क्रिप्टमध्ये एक जादा तपासणी ठेवली होती: जुन्या जागी खूण सापडली तर काम न करता फक्त नव्या जागी खूण लिहावी. ती नसती तर ३०० जणांच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट आणखी एकदा उगवला असता. त्या दिवशी काही जण रजेवर होते हे लक्षात आल्यावर ही तपासणी महिनाभर राहू दिली.

त्यानंतर एकच तक्रार आली. एका सहकाऱ्याकडे सिग्नेचर पुन्हा कोरी झाली होती आणि पोर्टलचा शॉर्टकट मात्र परत आला नव्हता, म्हणजे आधीच्या तक्रारींच्या अगदी उलट. प्रथम प्रेफरन्सेसच्या नोंदीवर संशय घेतला. मग त्या संगणकाच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १५११ क्रमांकाची घटना सापडली: प्रोफाइल उघडता न आल्यामुळे विंडोजने त्याला तात्पुरत्या प्रोफाइलवर आत घेतले होते. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये सिग्नेचरची फाइल नव्हती, म्हणून ‘क्रिएट’ने ती बनवली, होम फोल्डर नेहमीचाच होता, म्हणून शॉर्टकटच्या स्क्रिप्टला आपली खूण सापडली आणि ती गप्प बसली. प्रोफाइल दुरुस्त करून त्याला पुन्हा लॉगॉन करायला सांगितले, तेव्हा त्याची जुनी सिग्नेचर जशीच्या तशी जागेवर होती.